दीड पानाचा आदेश

प्रिय भिंगरी,

तुझ्या कोर्टात शिपायापासून साठी उलटलेल्या वकिलांपर्यंत सगळे तुला साहेब म्हणतात, हे मला माहीत आहे. तरी पत्राच्या डोक्यावर मी हेच नाव लिहिणार, कारण बाकीची नावं तुला जगाने दिली आणि हे मी दिलं. चार महिन्यांनी लिहितोय. फोन करता आला असता, पण फोनवर मी बोलायला लागलो की मुद्दे काढतो, आणि माझे मुद्दे तू मार्चमध्ये पोटभर ऐकले आहेस. पत्र टाइप केलेलं नाही हे बघून तुझ्या भुवया वर गेल्या असतील. एकतीस वर्षं वरच्या कोर्टात लघुलेखक म्हणून काढली, दुसऱ्यांचं बोलणं भराभर टिपलं, आणि आता स्वतःचं चार ओळी लिहायचं म्हटलं तर पेन तोंडात धरून बसायची वेळ येते. अक्षर वाईट आहे, सांभाळून घे.

तुझी आई बरी आहे. तुझा फोन आला की ती स्पीकर चालू करते, म्हणे कानाला कमी ऐकू येतं. शेजारच्या घरात बंद दारामागे नवरा-बायको काय पुटपुटतात ते तिला शब्दन् शब्द ऐकू येतं, तेव्हा तो स्पीकर कुणासाठी असतो हे तुलाही कळत असणारच. मी आतल्या खोलीत पेपर उघडून बसतो आणि तुमचं बोलणं संपेपर्यंत पान उलटत नाही. फोन ठेवल्यावर ती आत येऊन विचारते, काय विशेष बातमी? मी म्हणतो, काही नाही. ती म्हणते, असं कसं, इतका वेळ एकच पान वाचत होतात.

त्या स्पीकरवरूनच मला कळलं, की तुझ्या एका आदेशाविरुद्ध कुणीतरी वरच्या कोर्टात रिट याचिका केली आहे. तू आईला अगदी सहज सांगितलंस, अगं, रोजच कुणी ना कुणी जातं वर. मला मात्र ते सहज घेता आलं नाही. आपल्या मुलीच्या सहीचा कागद त्या इमारतीत जाणार, जिथे मी आयुष्य काढलं, आणि तिथलं कुणीतरी तो उचलून उजेडात धरणार! दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन मी तुझा आदेश कोर्टाच्या संकेतस्थळावरून छापून घेतला. दीड पान. घरी येऊन लाल पेन्सिल काढली आणि सात ठिकाणी खुणा केल्या. इथे कारण त्रोटक, इथे दुसऱ्या बाजूचा मुद्दा एका वाक्यात उरकलाय, इथे निवाड्याचा आधार नाही. खुणा करून झाल्यावर आईला म्हणालो, हा टिकत नाही. ती भाजी निवडत होती, वर न बघता म्हणाली, तुमच्या पेन्सिलीपुढे आजवर काय टिकलंय?

प्रकरण अजून तुझ्यासमोर चालू आहे, म्हणून त्यात कोण खरं कोण खोटं यावर मी अवाक्षर काढणार नाही. काढलं तर तू हे पत्र तिथेच फाडशील. वरच्या कोर्टात सगळ्यांसमोर जे बोललं गेलं तेवढंच लिहितो, आणि तेही वरचा आदेश तुला रीतसर पोचल्यानंतरच हे पत्र पेटीत टाकणार आहे. एक पुस्तकं बांधणारा कारागीर, त्याच्या कार्यशाळेकडे जाणारी एक बोळ, आणि ती बोळ आपली आहे म्हणून तिथे भिंत घालू पाहणारा शेजारचा गोदामवाला. दोन्ही बाजूंचा पुरावा संपला होता. मग बांधणीवाल्याने अर्ज दिला की गोदामवाल्याच्या साक्षीदाराला, बोळ मोजणाऱ्या मोजणीदाराला, आणखी एकदा बोलवा, एक प्रश्न विचारायचा राहिला. तू परवानगी दिलीस, एकाच तारखेला आणि तेवढ्याच मुद्द्यापुरती. गोदामवाला वर गेला, की हा खटला लांबवायचा डाव आहे, रिट काढा आणि हा आदेश रद्द करा. परवानगी गेली असती तर तो प्रश्न कायमचा राहिला असता, आणि त्या माणसाची बोळ बहुतेक त्याच्याबरोबर गेली असती.

तारीख सोमवारची होती. आई म्हणाली, तुम्ही एकदाचे जाऊन बसा तिथे, घरात येरझाऱ्या घालून फरशी झिजवू नका. गेलो. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण पाय आपोआप त्याच जिन्याने चढले. कोर्टरूम तीच. छताला भिडलेल्या खिडक्या, लोकांनी धरून धरून गुळगुळीत झालेल्या बाकांच्या कडा, भिंतीवरचं घड्याळ माझ्या वेळेस चार मिनिटं मागे होतं ते अजून तेवढंच मागे. माझ्या खुर्चीत आता एक तरुण मुलगी बसते आणि थेट संगणकावर टाइप करते. मी शेवटच्या बाकावर, भिंतीला टेकून बसलो. कुणी ओळखू नये म्हणून टोपी काढली नव्हती, तर शिपायाने येऊन काढायला लावली, म्हणजे दहा जणांनी वळून पाहिलंच.

न्यायमूर्तींना मी ओळखतो. ज्युनिअर वकील होते तेव्हा चेन तुटलेली बॅग छातीशी धरून माझ्या टेबलाशी यायचे, आदेशाची प्रत लवकर मिळेल का म्हणून. आता कपाळावर केस उरले नाहीत, पण अशिलाकडे मान तिरकी करून बघण्याची सवय तीच. तुझ्या आधी एक प्रकरण निघालं. कुठल्यातरी दिवाणी न्यायालयाने एका बाजूला नोटीसच न पाठवता, तिचं म्हणणंच न ऐकता तिच्याविरुद्ध आदेश देऊन टाकला होता. न्यायमूर्तींनी समोरच्या वकिलाला एकच विचारलं, की हिला ऐकलं होतं का. वकील फाइल चाळायला लागले. दोन मिनिटांत आदेश रद्द, पुन्हा ऐका म्हणून परत. मनात म्हटलं, आज साहेबांचा हात चालू आहे.

मग तुझं. गोदामवाल्याचे वकील मोठे होते, आवाजही मोठा. त्यांनी तुझ्या आदेशात जे दोष काढले ते, भिंगरी, काय सांगू तुला, माझ्या सात खुणांपैकी पाच होते. मला आधी अभिमान वाटला आणि मग लगेच लाज. शेवटी वकील म्हणाले, या न्यायालयाच्या अधिकाराला अंत नाही, आपण मनात आणलं तर हा आदेश एका ओळीत पुसता येईल.  न्यायमूर्तींनी तुझं ते दीड पान हातात घेतलं आणि वाचायला लागले. चाळलं नाही, वाचलं. ओठ हलवत, पहिल्या ओळीपासून. सगळी कोर्टरूम थांबली. वर पंखा फिरत होता तेवढाच आवाज. एवढा मोठा माणूस, ज्याच्या सहीसरशी अख्ख्या सरकारला कोर्टात उभं राहावं लागतं, तो माझ्या मुलीने एका लहान गावातल्या ओल आलेल्या खोलीत बसून लिहिलेलं दीड पान एकेक शब्द करून वाचत होता. माझ्या अंगावर काटा आला. एकतीस वर्षं त्या खोलीत बसलो, पण असा कधी आला नव्हता.

वाचून झाल्यावर त्यांनी आदेश सांगायला सुरुवात केली आणि माझा उजवा हात मांडीवर आपोआप चालायला लागला, बोटानेच लघुलिपी. ते म्हणाले, खालच्या न्यायालयाचा हा आदेश याहून... आणि थांबले. शब्द शोधत होते. आता हे तुला हसून वाच असं सांगायची माझी छाती नाही, पण झालं ते असं. मोठे साहेब शब्दावर अडले की हळूच शब्द पुरवायचा ही माझी जन्माची सवय. कित्येकांना पुरवले आहेत. आणि मी शेवटच्या बाकावरून, स्पष्ट, सगळ्या कोर्टाला ऐकू जाईल असं बोललो, सविस्तर!

सगळ्या माना वळल्या. शिपाई माझ्याकडे झेपावला. ती टाइप करणारी मुलगी तोंडावर हात ठेवून बसली. आणि मला कळलं की मी काय केलं. भर कोर्टात, तुझ्या बाजूने बोलायला कुणी नसताना, तुझ्या बापाने उठून तुझ्या आदेशातली चूक दाखवली होती. जमीन दुभंगली असती तर बरं झालं असतं. न्यायमूर्तींनी चष्म्यावरून पाहिलं. ओळखलं की नाही, देव जाणे. शिपायाला हातानेच थांबवलं आणि म्हणाले, हं, सविस्तर लिहिता आला असता. मी त्या खुर्चीत असतो तर कदाचित परवानगी दिलीही नसती. पण त्या खुर्चीत मी नाही.

पुढचं मी घरी येऊन लघुलिपीतून उतरवून ठेवलं आहे, माझ्या शब्दांत सांगतो. दिवाणी न्यायालयाने न्यायदान करताना दिलेला आदेश रिट काढून रद्द करण्याची सोयच नाही, ते म्हणाले. आमच्याकडे देखरेखीचा अधिकार आहे, तो वेगळा, आणि तो जेवढा मोठा तेवढा आवरून वापरायचा. न्यायालय आपल्या हद्दीबाहेर गेलं का, किंवा जे करायलाच हवं होतं ते करायचं नाकारलं का, एखाद्याला न ऐकताच निकाल दिला का, एवढं आम्ही बघतो. हद्दीत राहून, दोघांना ऐकून, कारण देऊन तिथल्या न्यायाधीशबाईने दोन शक्य वाटांपैकी एक निवडली असेल, तर मला दुसरी आवडते म्हणून तिला त्या वाटेवरून मागे ओढायचा अधिकार मला नाही. चूक असेल तर शेवटचा निकाल लागल्यावर अपील आहे. आज मी इथे अपिलात बसलेलो नाही. याचिका फेटाळली.

हे अपिलात न बसण्याचं वाक्य मी माझ्या नोकरीत किती वेळा लिहिलं असेल त्याला गणती नाही. इतकं यायचं की त्याच्यासाठी मी स्वतःची खूण बनवली होती, एक वाकडी रेघ आणि वर ठिपका. ‘हे न्यायालय अपिलात बसलेलं नाही’ संपायच्या आत माझी खूण काढून झालेली असायची. हजारदा काढली आणि ते वाक्य एकदाही ऐकलं नाही. मला वाटायचं, ही साहेब लोकांची पळवाट आहे, काम टाळायची सभ्य भाषा. सोमवारी पहिल्यांदा कळलं की ते वाक्य म्हणायला किती ताकद लागते. तो माणूस वाचतो, त्याला पटत नाही, हातात पेन आहे, अडवणारं कुणी नाही, आणि तो पेन खाली ठेवतो. का, तर त्या दूरच्या खोलीत बसलेल्या मुलीला निर्णय घ्यायला नेमलं आहे, आणि तिला चुकण्याइतकी मोकळीक नसेल तर ती न्यायाधीश नव्हे, नुसती कारकून. मी बाकावर बसलो होतो, पण मनातून उभा राहिलो होतो.

माझ्या शेजारी बाकावर एक माणूस होता, नखांत वाळलेली खळ. तोच तो पुस्तकबांधणीवाला, हे मला बाहेर व्हरांड्यात कळलं, जेव्हा त्याने मला धरलं आणि विचारलं, काका, तुम्ही मघाशी बोललात म्हणजे तुम्हाला यातलं कळतं, मी जिंकलो का? मी कोण हे सांगितलं नाही, प्रकरणाविषयी बोललोही नाही. म्हटलं, जिंकणं-हरणं अजून खाली व्हायचंय, तुम्हाला तुमचा प्रश्न विचारता येईल एवढं झालं. तो म्हणाला, मला तेवढंच हवं होतं. मग म्हणाला, पण साहेबांना तर पटलं नव्हतं, त्यांनीच बोलून दाखवलं. मग का नाही फिरवला? मी त्याला काहीतरी कायद्याचं सांगायला गेलो आणि मध्येच डोळे पुसायला लागलो. तो बिचारा घाबरला, मला पाणी आणून दिलं. त्याला वाटलं, मी गोदामवाल्याच्या बाजूचा.

घरी पोचलो तर तुझी आई दारातच. मी तिला सगळं सांगितलं, ते ‘सविस्तर’ सकट. ती इतकी हसली की तिला खुर्ची द्यावी लागली. हसून झाल्यावर डोळे पुसत म्हणाली, सायकल आठवते? मी म्हटलं, कुठली? आठवत होती. तू अकरा वर्षांची होतीस. वर्गातली एक मुलगी लांबून चालत येते म्हणून तू तिला तुझी सायकल देऊन टाकलीस, आम्हाला न विचारता. मी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो आणि ती परत घेऊन आलो. त्या मुलीच्या वडिलांना म्हणालो, लहान आहे, तिला काय कळतंय. त्यांनी निमूटपणे चाकातली हवा बघून, पंप मारून सायकल माझ्या हातात दिली. तू नंतर त्या सायकलवर कधी बसली नाहीस. मला वाटलं, हट्ट आहे, जाईल. आई म्हणाली, तुम्ही तेव्हाही अपिलातच बसला होतात. बघ, एका दिवसात बाई कायदा शिकली.

आणि मार्च. तू जेवायच्या टेबलावर सांगितलंस, की तू बालगृहातल्या त्या नऊ वर्षांच्या मुलीला दत्तक घेणार आहेस. तिथे तू पाहणीला गेली होतीस आणि तिने तुला विचारलं, तुम्ही माणसांना तुरुंगात टाकता का? तू म्हणालीस, नाही गं, मी भांडणं ऐकते. ती म्हणाली, दिवसभर? आणि तुझ्या बाजूला येऊन बसली. एक पाय अधू, एकदा एका घरी जाऊन महिन्याभरात परत पाठवलेली. हे सगळं तू किती शांतपणे सांगत होतीस. मी दुसऱ्या दिवशी तुझ्यापुढे टाइप केलेला कागद ठेवला. एकटी बाई, दर तीन वर्षांनी बदली, पोरीचं दुखणं, उद्या तुझं लग्न ठरलं तर, क्रमांक घालून अकरा मुद्दे. तू शेवटपर्यंत वाचलंस आणि म्हणालीस, बाबा, मी विचारायला नव्हते आले, सांगायला आले होते. दुपारच्या गाडीने निघून गेलीस. तू किती महिने झुरून, किती लोकांशी बोलून, रजेचे, शाळेचे, डॉक्टरचे किती हिशोब मांडून तो निर्णय घेतला होतास, हे मला आईने नंतर सांगितलं. मी तुला ऐकलंच नव्हतं.

आता जे सांगायचं म्हणून हे पत्र लिहायला बसलो ते. तुझा अर्ज गेले तीन महिने पुढे सरकत नाही, आणि तू आईला फोनवर म्हणतेस की सरकारी काम आहे, कुठेतरी फाइल अडकली असेल. फाइल मी अडकवली आहे. एप्रिलमध्ये मी बालगृहाच्या अधीक्षकबाईंना तीन पानी पत्र पाठवलं, माझ्या सहीने, मुलीचा बाप म्हणून, की हे घर या मुलीसाठी योग्य नाही, चौकशी व्हावी. आईलाही माहीत नव्हतं, परवा सांगितलं, तेव्हापासून ती माझ्याशी बोललेली नाही. मंगळवारी मी बालगृहात जाऊन ते पत्र मागे घेतलं. बाईंनी माझ्याकडून लिहून घेतलं, की मुलगी तुझ्या घरी यायला माझी कसलीही हरकत नाही. पुढच्या बुधवारी अकरा वाजता त्या तुझ्याकडे घर बघायला येणार आहेत, तसं पत्र तुला येईल. मी त्यांना विचारलं, तिला यातलं काही कळलं का हो? त्या म्हणाल्या, कारण कळलेलं नाही. आधी ती रोज विचारायची, माझ्या घरच्या बाई कधी येणार म्हणून. दीड महिना झाला, आता विचारत नाही.  तिला लांबून बघू का, असं तोंडावर आलं होतं, पण विचारलं नाही, तो हक्क मी घालवला आहे. तू मला क्षमा करावीस असं मी या पत्रात कुठेही लिहिलेलं नाही, परत वाचून पाहिलं. तू बोलावल्याशिवाय मी तुझ्या दाराशी येणार नाही. फक्त बुधवारपर्यंत थांबू नकोस, भिंगरी. आजच्या आज जा, आणि तिला सांग की उशीर तिच्यामुळे झाला नव्हता.

तुझाच,
बाबा